वजनकाट्यापाशी सांगितलेला शेवट

कप्तानाचा नवा सिनेमा भिकार निघाला, ही बातमी आमच्या इमारतीला तिकीट न काढता कळली. कवळीवाले थिएटरातून परतले ते जिना चढतानाच बोलत होते. सोबत कोणी नव्हतं, तरी बोलत होते. पहिल्या मजल्यावर म्हणाले, "नासवला!" दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, "पार नासवला!" आणि तिसऱ्यावर कुलपात किल्ली उलटी घालत जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वरच्या आजींनी ते नीट ऐकू यावं म्हणून चालू टीव्ही बंद केला, म्हणजे ऐकण्यासारखं नक्की होतं.

शेजारी म्हटलं की चौकशी आलीच. दार लोटायच्या आत दोघं-तिघं जमलेच.

"काय हो, काय झालं? कप्तान मेला की काय?"

"मेला असता तर बरं झालं असतं," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

कवळीवाले म्हणजे कवळ्या करणारे. मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडांचे ठसे पाठवतात, कवळीवाले त्यात प्लास्टर ओततात आणि त्या प्लास्टरच्या हिरड्यांवर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात रोवतात. आधी मेणाची कवळी डॉक्टरांकडे जाते, तिथे माणूस ती तोंडात घालून चावून बघतो, उंच-सखल सांगतो, मगच खरी पक्की कवळी होते. भिंतीभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर अर्ध्या गावाची तोंडं वासून बसलेली आहेत. आपल्या इमारतीत कोणाचे दात खरे आणि कोणाचे रात्री पेल्यात झोपतात, हे सगळं या गृहस्थांना ठाऊक. पण इतकी वर्षं खोदून खोदून विचारूनही त्यांनी एकाचंही नाव सांगितलेलं नाही. माणसात दुर्गुण असतात ते असे.

त्यांच्या हातचे दात ओळखू येत नाहीत. सगळे दात एका ओळीत, पांढरेफटक बसवले की बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून कवळीवाले एखादा दात किंचित तिरका बसवतात, रंग जरा चहा प्यायलेला घेतात. "खोटं असं करावं," ते म्हणायचे, "की शेजारच्या खऱ्याला संशय येऊ नये."

हे वाक्य लक्षात असू द्या.

आता कप्तान. कप्तानाचे सिनेमे ज्याने पाहिले नाहीत असा माणूस मिळणं कठीण, पण एखादा असेल तर त्याच्यासाठी सांगायला हवं. एक जुनाट मालवाहू बोट. तिच्यावर दाढीवाला कप्तान, सुकाणू धरणारी एक खमकी बाई, एका कानाने बहिरा स्वयंपाकी आणि इतर चार-दोन टगे. दर सिनेमात बोट धुक्यात सापडते, पाणी संपतं, माणसं धीर सोडतात, आणि सुकाणू धरणारी ती बाई विचारते, "कप्तान, काही दिसतंय का?" समोर हात धरला तर हात दिसत नाही असं धुकं. आणि कप्तान शांतपणे म्हणतो, "किनारा दिसतोय." की धुकं फाटतं आणि किनारा दिसतो! थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस. हे वाक्य पुढे इतकं पसरलं की आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तरी आतून कोणीतरी ओरडायचं, "किनारा दिसतोय!" आणि बाहेरचे हसत हसत बटणं दाबायचे.

कवळीवाल्यांचं लग्न झालं त्या वर्षी कप्तानाचा पहिला आला. नवं जोडपं सिनेमाला गेलं. बोट धुक्यात शिरली मात्र, वहिनी पदर सावरत उठल्या.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"बरी आहे. मी बाहेर उभी राहते. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

सिनेमा संपल्यावर कवळीवाले धावत बाहेर आले. वहिनी दरवाजाजवळच्या वजनकाट्यापाशी उभ्या होत्या. नाणं टाकलं की दिवे लागतात, चाक फिरतं आणि वजनाचं तिकीट पडतं, तसला काटा. तो तेव्हाही बंदच होता.

"मला शेवट बघवत नाही हो," वहिनी म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं. या बाई कधी कोणाला निरोप द्यायला स्टेशनवर गेल्या नाहीत. पाहुण्यांना स्वयंपाकघरातूनच "बरं, या हं" म्हणायच्या आणि पाहुणे जिना उतरेपर्यंत भांडी घासत राहायच्या.

"हं, सांगा आता."

कवळीवाल्यांनी चालता चालता शेवट सांगितला. तो जरा लवकर आटोपला. वहिनींनी विचारलं, "आणि मग?" झालं! मग कवळीवाल्यांनी थोडं आपल्या पदरचं घातलं. वहिनी म्हणाल्या, "आणि मग?" त्यांनी आणखी घातलं. घर येईपर्यंत कप्तानाने चाच्यांच्या सरदाराला माफ करून त्याला बोटीवर भांडी घासायला ठेवलं होतं, ज्याचा सिनेमात पत्ताही नव्हता.

तेव्हापासून हा नेमच पडला. कप्तानाचे सिनेमे येत गेले, वहिनी दर खेपेला धुकं पडलं की उठत गेल्या, दारावरचा माणूस बदलला तरी नव्या माणसालाही सवय झाली. "या ताई, तुमचा काटा मोकळा आहे," असं म्हणायचा. आणि घरी परतणाऱ्या या दोघांच्या मागून मुद्दाम रेंगाळत चालणाऱ्यांना तो शेवट फुकटात ऐकायला मिळायचा. खरं सांगायचं तर सिनेमापेक्षा बरा असायचा.

वहिनींना जाऊन आता वर्ष होत आलंय. नवा सिनेमा कवळीवाल्यांनी एकट्याने पाहिला. शेजारची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती म्हणे, तिकीट काढून. आणि त्या सिनेमात काय व्हावं? कप्तान म्हातारा झालेला. सुकाणूवाली आजारी, केबिनमध्ये पडलेली. बाहेर धुकं. ती विचारते, "कप्तान, काही दिसतंय का?" सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. शिट्टीसाठी बोटं तोंडापाशी गेली.

कप्तान म्हणाला, "नाही दिसत. पण मी आहे इथे."

कवळीवाले उठले. आयुष्यात पहिल्यांदा, सिनेमा चालू असताना, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, "बसा हो काका" ऐकत, ते बाहेर पडले आणि जिन्यापर्यंत बोलत आले.

पुढचे काही दिवस त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबेना. डॉक्टरांकडे तयार कवळी पोचवायला गेले की तिथे. कोपऱ्यावर पाव घ्यायला गेले की तिथे. "कप्तान असं बोलूच शकत नाही. आजारी बाईच्या तोंडावर? अरे, तिला धीर द्यायचा सोडून? ज्याने लिहिलंय त्याने आधीचे पाहिलेत तरी का?" कोणी विचारलं, "शेवट काय दाखवलाय हो?" तर म्हणायचे, "शेवटाचं नाव काढू नका." लोकांना वाटायचं रागाने म्हणतात. शेवट त्यांनी पाहिलाच नव्हता, हे कोणाच्या डोक्यात यावं?

मुलीचा फोन सिनेमाच्याच संध्याकाळी आला होता; तिनेही तो पाहिला होता. मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. एकुलती एक. दर रविवारी बापाकडे जेवायला येते आणि फ्रिज उघडून बापाला बोलते.

"बाबा, मला आवडला."

"काय आवडलं?"

"तो तिला खरं सांगतो, ते."

कवळीवाल्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. "तुझ्या आईला अजिबात आवडला नसता."

"आईला आवडला असता."

"तुला काय माहीत?"

तिकडून "ठेवते" एवढंच आलं. त्या रविवारी मुलगी आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. कवळीवाल्यांनी दोन्ही वेळा दोघांचा स्वयंपाक केला आणि दोन्ही वेळा तो शेजारी वाटला. चव बरी होती; मीठ मात्र जास्त पडलं होतं.

आता मुलगी एवढी का दुखावली, ते कळायला मागच्या वर्षीच्या दवाखान्यात जावं लागतं. डॉक्टरांनी बाप-लेकीला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं, की आता फार आशा नाही. मुलगी भिंतीला टेकली. कवळीवाल्यांनी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "तिला सांगायचं नाही. एक अक्षर नाही. तुला माहीत आहे, तिला शेवट बघवत नाही."

आणि आत जाऊन त्यांनी बायकोला हसतमुखाने सांगितलं, "किनारा दिसतोय!"

"दिसतोय ना?" वहिनी म्हणाल्या. "बरं झालं बाई."

वहिनींचा वरचा एक पुढचा दात खोटा होता, नवऱ्यानेच करून दिलेला, काढता-घालता येणारा. आजारात तोंड बारीक झालं, दात सैल झाला, बोलताना हलायला लागला. मग तो कुठेतरी नाहीसाच झाला. कवळीवाल्यांनी गादीखाली पाहिलं, चादरी झटकल्या, आयाबाईंना दहादा विचारलं. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो." "जाऊ कसा देऊ? घरी आल्यावर जेवणार कशी?" कवळीवाल्यांनी नवा करायला घेतला. खोलीवर बसून मेणाचा नमुना केला, दवाखान्यात नेला. वहिनींनी उशीला टेकून तोंड उघडलं, मेणावर चावा घेतला, जीभ फिरवली, म्हणाल्या, "छान आहे. जरा उंच वाटतोय." कवळीवाल्यांनी तिथेच पलंगाच्या कडेला बसून नखाएवढं मेण खरवडलं. "आता?" "आता बरोबर."

तो नवा दात पक्का व्हायच्या आत वहिनी गेल्या. कवळीवाले तेव्हा खोलीवर होते. दाताचा रंग जुळवत होते.

तर असा हा माणूस, आणि असला हा सिनेमा. चिडणार नाही तर काय?

भडका उडाला तो वस्तऱ्याकडे. वस्तऱ्या म्हणजे खालचा सलूनवाला, कवळीवाल्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एकमेकांना नावाने कधीच हाक मारत नाहीत. कवळीवाले गालाला फेस लावून खुर्चीत, आणि भाषण सुरूच.

"अरे, कप्तानाने आजवर एक माणूस गमावला नाही! एक! सगळ्यांना घरी आणलं. आणि आता हा म्हणतो, नाही दिसत?"

"एक गमावलाय की, कवळ्या," वस्तऱ्या पातं पुसत म्हणाला. "स्वयंपाकी."

"स्वयंपाक्याला काय झालं? त्याने खाणावळ काढली."

"काय काढली?"

"खाणावळ. किनाऱ्यावर. तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी तो पोहत किनाऱ्याला लागतो, ओल्या काड्यांनी चूल पेटवतो आणि सगळ्यांना गरम सूप पाजतो. मग तिथेच खाणावळ काढतो. म्हणून तर पुढच्या सिनेमांत तो नाही. चौथ्यापर्यंत वरचा मजलाही चढवलान त्याने."

सलूनमधले सगळे आरशातून एकमेकांकडे बघायला लागले.

"कवळ्या, हलू नकोस, कान कापेन," वस्तऱ्या म्हणाला. "तिसऱ्यात तो बुडाला. साखळीत पाय अडकून. मी रडलो होतो, बायको अजून चिडवते मला."

"तुला झोप लागली असेल."

"तुझ्या मायला, झोपून रडतो का कोणी? जा, घरी जाऊन बघ!"

कवळीवाले अर्धी दाढी केलेली, अर्धी राहिलेली, तसेच तरातरा उठले. कॉलरमध्ये खोचलेल्या टॉवेलासकट घरी आले. भर दुपारी पडदे ओढून त्यांनी तिसरा सिनेमा लावला, शेवटाकडे पळवला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले, वस्तऱ्याचं नाक कापायच्या तयारीने.

साखळी सुटली. स्वयंपाक्याचा पाय अडकला. तो वर बघून हसला आणि खाली गेला. पाण्यावर त्याची टोपी तेवढी राहिली.

कवळीवाल्यांनी परत मागे नेलं. परत टोपी. तिसऱ्यांदा पाहिल्यावर ते खाली बसले. तो सिनेमा आला तेव्हा वहिनींना सातवा की आठवा महिना होता. काट्याला टेकून, पोटावर हात ठेवून उभ्या होत्या. "स्वयंपाकी वाचला ना हो?" हाच पहिला प्रश्न होता त्यांचा, तो स्वयंपाकी फार आवडायचा त्यांना. तो चेहरा बघून कवळीवाल्यांच्या तोंडून सूप बाहेर पडलं, मग खाणावळ. पुढे दर सिनेमाला त्या विचारणार, "खाणावळ कशी चाललीये?" आणि हे सांगणार. सांगून सांगून त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. शेजारच्या खऱ्याला संशय आला नाही. खरं निमूट उठून गेलं होतं.

ते तसेच निघाले. टॉवेल तेवढा काढला. अर्ध्या गालावर वाळलेला फेस घेऊन चष्म्याच्या दुकानात पोचले. मुलीने पाहिलं आणि काही न विचारता त्यांना आतल्या खोलीत नेलं. नंबर तपासायची अंधारी खोली, समोर अक्षरांचा फलक, मधे उंच खुर्ची. बाप त्या खुर्चीत बसला.

"स्वयंपाकी बुडाला," ते म्हणाले.

"कोण?"

"तिसऱ्यातला."

"हो. बुडतोच ना."

"तुला माहीत होतं?"

"बाबा, मी पाहिलाय तो. टीव्हीवर. आईबरोबर. तुम्ही खोलीवर असायचात तेव्हा."

"शेवटपर्यंत?"

"सगळे पाहिलेत आईने. शेवटपर्यंत. रडायची आणि बघायची."

कवळीवाल्यांनी गालावरचा फेस खरवडायला सुरुवात केली. "मग मला कशाला... मग ती बाहेर कशाला जायची?"

"मीही विचारलं होतं तिला. आधी खरंच बघवायचं नाही, म्हणाली. नंतर सवय झाली. म्हणाली, 'आत बसलं की एकच शेवट मिळतो गं. बाहेर उभं राहिलं की तुझे बाबा आणखी एक देतात.'"

कवळीवाले हसले. खरंच हसले. आणि हसता हसता त्यांचं तोंड तसंच राहिलं, कारण पुढचा प्रश्न त्यांच्याही आधी त्यांच्या चेहऱ्यावर आला होता. मुलगी त्याचीच वाट बघत असावी. वर्षभर.

तिने पर्समधून चष्म्याची लहान डबी काढली, उघडून बापाच्या हातात दिली. आत कापूस होता आणि कापसावर दात. किंचित तिरका, जरा चहा प्यायलेल्या रंगाचा.

"हा... हा हरवला होता."

"हरवला नव्हता. आईने माझ्या हातात दिला. 'घरी घेऊन जा, आता याचं काम नाही' म्हणाली."

"कधी?"

"तुम्ही मेणाचा नमुना घेऊन आलात ना, त्याच्या आधी."

"आधी?" कवळीवाले डबीकडे बघत राहिले. "मग ती चावली कशाला मेणावर? उंच वाटतोय म्हणाली मला. मी खरवडला."

"मी भांडले तिच्याशी त्यावरून. नंतर, तुम्ही गेल्यावर. ती म्हणाली, 'त्यांना काम असू दे गं.'"

मुलीचा आवाज फुटला. "तिने मला सरळ विचारलं, बाबा. डोळ्यात बघून. मला तुमच्यासारखं नाही जमत. मी डॉक्टर म्हणाले ते सांगितलं. मग आम्ही बोललो. कितीतरी बोललो. तिने माझी वेणी घातली, लहानपणी घालायची तशी. मी तिची माफी मागितली, तिने माझी मागितली. सगळं झालं आमचं."

"आणि मी?"

"तुम्हाला सांगते म्हटलं तर हात धरला माझा. म्हणाली, 'त्यांचं शेवट सांगणं चाललंय. मधे बोलू नकोस.'"

खोलीत अंधार होता आणि समोरच्या फलकावरची अक्षरं तेवढी उजळलेली होती, वरची मोठी, खालची मुंगीएवढी. कवळीवाले खालच्या ओळीकडे बघत होते.

"म्हणजे या खेपेला बाहेर मीच उभा होतो," ते म्हणाले.

दारावर टकटक झाली. "ताई, माझा चष्मा झालाय का?" कोणीतरी विचारलं. "दोनदा येऊन गेलो."

"झालाय, देते," मुलगी डोळे पुसत म्हणाली आणि बापाला तसंच सोडून बाहेर गेली. परत आली तर खुर्ची रिकामी, आणि डबीही नव्हती.

खोलीवर जाऊन कवळीवाल्यांनी काय केलं, ते खालच्या टायरवाल्याने पाहिलं, कारण तो एरवीही वर काहीतरी निमित्त काढून डोकावतोच. फळीच्या मागच्या कोपऱ्यातून त्यांनी वहिनींचं प्लास्टरचं माप काढलं. त्याच्यावर तो मेणाचा नमुना तसाच होता, वर्षभराची धूळ बसलेला. त्यांनी फुंकर मारली. मेणात चाव्याच्या खुणा होत्या. ज्या बाईला पाण्याचा पेला उचलवत नव्हता, तिने चावा मात्र नीट, खोल घेतला होता. एखाद्याने कागदावर ठसठशीत सही करावी तसा. त्यांनी जुना दात त्या खळग्यापाशी धरून पाहिला, परत डबीत ठेवला. मग टायरवाल्याला म्हणाले, "काय पाहिजे रे?" तो म्हणाला, "काही नाही, काडेपेटी." ते म्हणाले, "घे." एरवी दोन शिव्या देतात.

दुसऱ्या दिवशी ते वस्तऱ्याकडे गेले. टॉवेल घडी करून दिला.

"बुडाला रे," म्हणाले.

वस्तऱ्याच्या ओठांवर कितीतरी आलं असेल. असल्या संधीची वाट बघण्यात त्याची हयात गेलेली. पण त्याने दोस्ताच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं, खुर्ची झटकली आणि म्हणाला, "बस. राहिलेली करून टाकू." आणि दुकानात गप्पा मारणाऱ्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. त्या दिवशी त्या सलूनमध्ये फक्त पात्याची खरखर होती. अशी शांतता आम्हांला मुळीच मानवत नाही, पण काय करता.

तिथूनच कवळीवाल्यांनी मुलीला फोन लावला.

"रविवारी येतेस?"

"येते."

"दुपारी सिनेमाला जाऊ. कप्तानाच्या."

"बाबा, तुम्ही पाहिलाय ना? शिव्या घालत होतात सगळ्यांपाशी."

"शेवट राहिलाय," कवळीवाले म्हणाले.

वस्तऱ्याच्या हातातलं पातं थांबलं. "शेवट न बघता एवढं बोंबललास?" एवढं मात्र त्याच्याने राहवलं नाही. कवळीवाले आरशातून म्हणाले, "हो," आणि पुन्हा मान खाली घातली.

सिनेमाचे शेवटचे खेळ होते. थिएटर जवळजवळ रिकामं. बाप-लेक मधल्या रांगेत बसले. केबिनचा प्रसंग आला. धुकं पडलं. कवळीवाल्यांचे पाय आपोआप उठायच्या तयारीने मागे सरकले. मुलीने पाहिलं, धरलं नाही, थांबवलं नाही. सुकाणूवालीने विचारलं, "कप्तान, काही दिसतंय का?"

"नाही दिसत. पण मी आहे इथे."

कवळीवाल्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी पकडली आणि ते बसून राहिले. मुलगी पडद्याकडे बघत नव्हती. ती बापाकडेच बघत होती, म्हणून आपल्याला हे ठाऊक. ती म्हणते, बाबांचे ओठ हलत होते. कप्तानाचंच वाक्य, पुन्हा पुन्हा. मेणाचा नमुना तोंडात घालून बघावा, तसं. नीट बसत होतं ते. खरवडायला काही नव्हतं.

दिवे लागले. मुलगी म्हणाली, "मी पाणी घेऊन येते," आणि मुद्दाम मागे राहिली. कवळीवाले एकटे बाहेर आले, दरवाजाजवळ गेले. वजनकाटा अजून तिथेच आहे. आता त्याच्या मागे झाडू उभे करून ठेवतात. कवळीवाले त्याच्यासमोर उभे राहिले. जागा ओळखीची होती.

दारावरचा माणूस नवा, त्याला काय ठाऊक! "काका," तो म्हणाला, "तो काटा बंद आहे."

"माहीत आहे," कवळीवाले म्हणाले.

मग मान जराशी वाकवून, कोणाच्या तरी उंचीला येईल अशी, ते हळू आवाजात बोलायला लागले.

"धुकं होतं. शेवटपर्यंत होतं. किनारा काही दिसला नाही. त्याने तिला उचलून बाहेर आणलं, सुकाणूपाशी बसवलं. तिचा हात चाकावर ठेवला आणि वर आपला ठेवला. दोघं बोलत बसली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण पुष्कळ बोलली. मग ती गेली. तो तिथेच होता."

बस. चाच्यांचा सरदार नाही, सूप नाही, खाणावळ नाही. सगळ्या जन्मात पहिल्यांदा या माणसाने शेवट जसा होता तसा सांगितला. आणि सवयीने थांबला, पुढच्या प्रश्नासाठी. झाडूंमागच्या भिंतीकडे बघत, बराच वेळ.

मुलगी पाण्याची बाटली घेऊन मागे येऊन उभी होती. तिला वाटलं, कोणीतरी विचारायला हवं.

"आणि मग?" ती म्हणाली.

कवळीवाले वळले. डोळे गळत होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"मग काही नाही, बाळा," ते म्हणाले. "एवढाच आहे."